शनिवार-रविवारचा युरोप आणि सॅम्पलिंगची चूक

मागच्या महिन्यात घुग्घुसच्या आमच्याच कॉलनीतल्या एका मुलाचा मेसेज आला. बीएस्सी झाली, जर्मनीत एमएस्सीला प्रवेश मिळाला. वडील खाणीत डंपर चालवतात. घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज घेणं चाललंय. मेसेज असा होता: "दादा, तुमच्या त्या २०१९ च्या ट्रिपच्या पोस्टा पाहूनच मी जर्मनी फायनल केलं. शनिवार-रविवार फिराले महिन्याचे किती युरो पकडून चालू?"

मी 'अभिनंदन रे' लिहिलं आणि तिथेच अडकलो. प्रश्न साधा होता, पण तो ज्या पुराव्यावर उभा होता तो पुरावा माझा होता. दोन दिवस मी उत्तरच दिलं नाही. जुन्या पोस्ट शोधून काढल्या आणि एखाद्या परक्या माणसाचा पेपर परीक्षणाला आलाय असं समजून वाचल्या.

या ब्लॉगवर आपण एरवी संशोधन-निबंध कसा वाचायचा ते बघतो. नमुना कुठून घेतला, किती घेतला, मोजणारं यंत्र कोणतं, निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावतोय का. आज हेच चार प्रश्न 'परदेशात शिकताना मित्रांबरोबर केलेल्या वीकेंड ट्रिप' या लेखनप्रकाराला विचारायचे आहेत. पहिला बळी अर्थात मीच. नंतर दोन जुनी मराठी पुस्तकंही घेऊ, कारण आपल्याकडे हा प्रकार काही इन्स्टाग्रामपासून सुरू झालेला नाही.

आधी नमुना बघू

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात प्रकल्पासाठी मी आखेनला होतो. एप्रिल ते सप्टेंबर २०१९, म्हणजे २६ आठवडे. त्यातले नऊ वीकेंड मी फिरलो: वाल्स, कोलोन, मोन्शाऊ, मास्ट्रिख्ट, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, लक्झेंबर्ग, पॅरिस, प्राग. नऊ ट्रिप, नऊ पोस्ट. सगळ्या पोस्टचा साचा एकच. सुरुवातीला बस जवळजवळ चुकते. मग एक कॅथेड्रल येतं. मग जेवण महाग म्हणून पोह्यांची आठवण. संध्याकाळी पुलावर सूर्यास्त, ग्रुपचा फोटो, आणि शेवटी आयुष्याबद्दल एक वाक्य.

यात एकही वाक्य खोटं नाही, आणि म्हणूनच चूक पटकन सापडत नाही. वाल्सची पोस्ट घ्या. शीर्षक होतं 'एका दुपारी तीन देश'. आखेनच्या सीमेला लागूनच नेदरलँड्सचं वाल्स हे गाव आहे. तिथल्या ३२२ मीटरच्या टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्या सीमा एका दगडापाशी मिळतात. सिटी बसनं जायचं, टेकडी चढायची, दगडाभोवती एक फेरी मारायची, झाले तीन देश. घुग्घुसहून वर्धा नदीचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा लागतो. आपण त्याला 'एका दुपारी दोन जिल्हे' म्हणून मिरवत नाही. पण पोस्ट वाचणाऱ्या मुलाला दगड दिसत नाही, त्याला 'तीन देश' दिसतात. विधान खरं, मापाचं एकक चुकीचं.

पॅरिसच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, 'फक्त १९ युरोत पॅरिस!' ते १९ युरो जायच्या बसचे. परतीचे २४, दोन रात्रींच्या हॉस्टेलचे ५६, खाणं आणि मेट्रो मिळून ३८. एकूण १३७. मी आकडा खोटा दिला नाही, चारातला एकच दिला. पेपरमध्ये कुणी असं केलं असतं तर परीक्षक म्हणून मी तो परत पाठवला असता.

एकशे चार

आता थोडं माझ्या कामातलं सांगतो. मी सध्या खाण परिसरातल्या हवेतल्या धुळीवर पीएचडी करतो. छतावर सॅम्पलर ठेवायचा, फिल्टर पेपर आधी आणि नंतर वजन करायचा, फरक लिहायचा. आपल्या देशाच्या २००९ च्या हवा-गुणवत्ता मानकांमध्ये वार्षिक सरासरीसाठी एक अट आहे: एका ठिकाणी वर्षातून किमान १०४ मोजण्या, आठवड्यातून दोनदा, प्रत्येक २४ तासांची, आणि समान अंतरानं.

५२ आठवडे गुणिले दोन, म्हणून १०४. गंमत बघा, वर्षातले शनिवार-रविवारही साधारण तेवढेच असतात. समजा मी आळस केला आणि माझ्या सगळ्या मोजण्या शनिवार-रविवारी उरकल्या. संख्या भरली, आठवड्यातून दोनदा हेही भरलं. पण 'समान अंतरानं' हे दोन शब्द मोडले, आणि तेवढ्यानं माझी सरासरी घुग्घुसच्या वर्षाची राहिली नाही, फक्त सुट्टीच्या दिवसांची झाली. सोमवारी सकाळी ट्रकची रांग लागते तेव्हा माझा सॅम्पलर बंद असणार.

वीकेंडच्या लेखनाची चूक अगदी हीच आहे. वाचणाऱ्याला वाटतं आपण परदेशातलं शिक्षण बघतोय, प्रत्यक्षात तो त्यातले सुट्टीचे दिवस बघत असतो. माझ्या बाबतीत तर सुट्टीचेही सगळे नाहीत. २६ पैकी १७ वीकेंडचं पोस्टमध्ये नावसुद्धा नाही. डायरीवरून मोजले: सहा प्रयोगशाळेत गेले, कारण भट्टीला शनिवार कळत नाही. चार रिपोर्ट लिहिण्यात. तीन ताप आणि पाऊस यांच्यात. आणि चार केवळ पैसे नव्हते म्हणून खोलीत. एका जागी नऊ पोस्ट, दुसऱ्या जागी १७ वेळा शून्य. छेदात २६ असायला हवे होते, मी छेदच छापला नाही.

तुम्ही म्हणाल, फेसबुकच्या पोस्टला कुठं छेद लागतो? मजेसाठी लिहिलेल्या मजकुराला खरंच लागत नाही. पण कुणी त्या मजकुरावर घर तारण ठेवायला निघाला की लागतो.

खिडकीतून जे दिसत होतं

आता चुकीचा दुसरा प्रकार. मला तो जास्त लागला.

आखेनहून कोलोनला जाणारी गाडी एश्वायलरच्या आसपास आली की वाइसवायलरचं वीजकेंद्र दिसतं. शीतकरण मनोरे, त्यांच्यावर पांढरी वाफ. लिग्नाइटवर चालणारं केंद्र, शेजारी उघडी खाण. चंद्रपूरला येताना ऊर्जानगरचं २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक केंद्र ज्यानं पाहिलंय, त्याला वेगळं सांगायला नको. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात काहीतरी हललं होतं. अरे, हे तर आपलंच! नंतर कित्येकदा त्याच गाडीनं गेलो. आणि नऊ पोस्टमध्ये त्या मनोऱ्यांवर एक ओळ नाही. फोनमधल्या ११४० फोटोंमध्ये त्यांचा एकही नाही.

का नाही? कारण ते घरासारखं होतं. घरासारखं दिसणारं 'परदेश' म्हणून टिपायचं नसतं, असं मनानं न विचारता ठरवून टाकलं होतं. वेगळं दिसेल तेवढंच उचलायचं, सारखं दिसेल ते टाकून द्यायचं. अशा चाळणीतून आलेल्या माहितीवर 'तिकडे सगळंच वेगळं' हा निष्कर्ष निघणार नाही तर काय निघणार? निष्कर्ष चाळणीतच भरलेला होता.

जानेवारी २०२३ मध्ये लुत्सेराट या गावाची बातमी सगळीकडे आली. गार्त्सवायलर खाणीसाठी पोलिसांनी आंदोलकांना तिथून हटवलं. मी नकाशा उघडला. मी राहत होतो तिथून पन्नास किलोमीटरच्या आत. त्याच खाणीसाठी इमेराट गावचं मोठं चर्च जानेवारी २०१८ मध्ये पाडलं, म्हणजे मी पोचायच्या सव्वा वर्ष आधी. कॅथेड्रल बघायला मी प्रागपर्यंत रात्रभर बसमध्ये बसलो. खाणीसाठी पाडलेल्या चर्चची जागा शेजारी होती, तिकडे गेलो नाही. आणि मी कुठला? जिथं खाणीसाठी जमीन जाणं, गाव उठणं हे घरातल्या जेवणाच्या गप्पांत असतं तिथला.

एसेनचंही तसंच. तिथली त्सोलफेराइन कोळसा खाण १९८६ मध्ये बंद झाली आणि २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. माझ्या सेमेस्टर तिकिटात तिथवरचा प्रवास फुकट होता. कोळसा संपल्यावर गावाचं काय होतं, हा प्रश्न घुग्घुसच्या पोराला पडायला हवा होता आणि त्याचं एक उत्तर गाडीच्या अंतरावर उभं होतं. पण ते कुणाच्याच 'पाहण्याच्या दहा जागां'मध्ये नव्हतं. इतरांच्या ट्रिपवरून माझ्या ट्रिप ठरत होत्या, माझ्या ट्रिपवरून आता या मुलाच्या ठरणार आहेत. संशोधनात एकमेकांचे संदर्भ तपासल्याशिवाय उचलत राहिलं की चूक अशीच पिढ्यान्‌पिढ्या चालते.

ग्रुप फोटोत कोण नाही

फोटोत आम्ही नेहमी पाच जण. ओळख सात जणांची होती. एक मित्र शनिवारी गोदामात पेट्या उचलायचा. पोस्टमध्ये तो कुठेच नाही, कारण तो ट्रिपला नव्हता. ट्रिपबद्दलच लिहायचं म्हटल्यावर न आलेला माणूस आपोआप गळतो.

दुसरी एक मैत्रीण पहिल्या तीन ट्रिपना आली. मग एका रात्री स्वयंपाकघरात भांडी घासताना म्हणाली, "पुढच्या वेळी मला विचारू नका. नाही म्हणायला लाज वाटते." मी "बरं" म्हटलं आणि पुढच्या वेळी विचारलं नाही. त्या वेळी मला हे समंजसपणाचं वाटलं. आज वाटतं, स्वस्तातली एखादी ट्रिप सुचवता आली असती. सगळ्यांच्याच तिकिटात बसणारं एसेन तेव्हाही होतं.

आणि हो, मला शिष्यवृत्ती होती, खोलीभाडं त्यातून जायचं. हे वाक्य नऊही पोस्टमध्ये नाही. पेपरच्या शेवटी 'निधी कुणी दिला' हे लिहायची सक्ती असते, ती उगाच नसते.

पुलं: यंत्राची चूक आधीच सांगून टाकणारा निवेदक

आता पुस्तकांकडे वळू. मराठीत परदेशाबद्दल हलकंफुलकं लिहायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण 'अपूर्वाई'च्या अंगणातून जातो. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत असताना दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला बीबीसीकडे गेले. त्यातून आलेलं हे पुस्तक १९६० चं. म्हणजे तेही शिकायला गेलेल्या माणसाचंच प्रवासवर्णन, फक्त विद्यार्थी चाळिशीला टेकलेला.

संशोधक म्हणून वाचताना मला त्यातली एक गोष्ट फार शहाणी वाटते. पुलं निवेदकालाच आधी हास्यास्पद करून ठेवतात. निघण्याआधीची धांदल, लोकांचे सल्ले, नवख्याची फजिती. त्यामुळे पहिल्या काही पानांतच कळतं की हे सगळं कुणाच्या डोळ्यांतून दिसणार आहे: मध्यमवर्गीय, गप्पिष्ट, खाण्यावर आणि गाण्यावर प्रेम करणारा मराठी माणूस. आमच्या भाषेत सांगायचं तर वजनकाट्याची चूक किती आणि कोणत्या दिशेनं, हे वापरणाऱ्याला आधीच सांगितलंय. मग वाचक आपल्या आपण तेवढी वजाबाकी करतो.

आम्ही नंतरच्यांनी पुलंचं काय उचललं? पोह्यांची आठवण उचलली. महागाईवरचा विनोद उचलला. स्वतःवर हसणं तेवढं सोडून दिलं. माझ्या पोस्टमध्ये बस चुकते, पण फजिती माझी होत नाही, बसचीच होते. कॅमेरा हातात आला आणि हसण्याजोगा निवेदक गेला.

पण 'अपूर्वाई'चीही एक मर्यादा आहे. तिथं निवेदक इतका लोभस आहे की त्याचं मत आपल्याला माहिती वाटू लागतं. इंग्रज माणूस असा आणि फ्रेंच माणूस तसा, ही ठोकळेबाज वाटणी हसत हसत गळी उतरते. विनोद म्हणून ती झकास, पण नमुना म्हणून तिच्यावर विसंबू नका.

रमाबाई: प्रश्न घेऊन निघालेली प्रवासी

दुसरं पुस्तक त्याहून ७१ वर्षं जुनं. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकल्या आणि तिथं संस्कृतही शिकवलं. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, आणि समारंभ आटोपल्यावरही परतल्या नाहीत. जवळपास तीन वर्षं अमेरिकेत फिरल्या, व्याख्यानं दिली, बालवाडीच्या शिक्षणपद्धतीचं प्रशिक्षण घेतलं. त्यावरचं त्यांचं मराठी पुस्तक 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' १८८९ मध्ये निघालं.

शीर्षकाचा क्रम बघा. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. पुस्तकही तसंच आहे. राज्यव्यवस्था, घर, शिक्षण, धर्म आणि दानधर्म, व्यापार, स्त्रियांची स्थिती असे विषय आखून घेतलेले. बाई कुठं गेल्या आणि काय जेवल्या यापेक्षा संस्था कशी चालते, तिला पैसा कुठून येतो, बायका एकत्र येऊन काम कसं उभं करतात, यावर भर. रमाबाईंच्या डोक्यात एक प्रश्न पक्का होता: यातलं मला घरी काय उभं करता येईल? पुस्तक निघालं त्याच वर्षी, ११ मार्च १८८९ ला, त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. प्रवासाचं फलित इतकं थेट क्वचितच दाखवता येतं.

आणि त्यांनी घरासारखं दिसणारं टाकून दिलं नाही. कौतुकाच्या भरातही मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि काळ्या लोकांबद्दलचा भेद त्यांनी लिहिला. माणसाला जन्मावरून तोलण्याची रीत त्यांच्या ओळखीची होती, म्हणूनच ती परदेशातही त्यांना दिसली. मला वाइसवायलर दिसूनही लिहावंसं वाटलं नाही. फरक हा आहे.

त्यांच्याही नमुन्यात कल आहे, तो झाकायचं कारण नाही. रमाबाई मुख्यतः सुधारक, धार्मिक वृत्तीच्या, सुस्थितीतल्या अमेरिकन बायकांच्या घरी आणि संस्थांमध्ये वावरल्या. त्यांना शारदा सदनासाठी मदतही त्याच वर्तुळातून उभी करायची होती. त्यामुळे अमेरिकेतली बाई त्यांच्या पानांवर जरा जास्तच कर्तबगार दिसते. गिरणीतली मजूर बाई पुस्तकाला रमाबाईंच्या डोळ्यांनी दिसावी तेवढी दिसत नाही. पण वाचकाला हे ओळखता येतं, कारण बाई कुठं आणि कशासाठी गेल्या होत्या ते लपलेलं नाही. कल असणं हा गुन्हा नाही. तो सापडू न देणं हा आहे.

मग फिरायचंच नाही का?

असं मी म्हणत नाहीये. माझ्या त्या नऊ वीकेंडनी मला बरंच दिलं. अनोळखी स्टेशनवर गाडी रद्द झाली तर रडायचं नसतं हे कळलं. पाच वेगवेगळ्या घरांतली पोरं एका खोलीत झोपली तेव्हा घुग्घुसबाहेरच्या महाराष्ट्राशीसुद्धा ओळख झाली. प्रयोगशाळेत सहा दिवस तोंड न उघडणाऱ्या मला तेवढं हवंच होतं. पोस्टमध्ये मात्र यातलं काही आलं नाही. त्यात पूल आणि सूर्यास्त आले.

त्या मुलाला मी शेवटी जे लिहिलं ते थोडक्यात असं. जर्मनीच्या व्हिसासाठी २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवायला लागतात, महिन्याला ९९२ हातात येतात. भाडं, विमा, खाणं यांतच ते जातात. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सत्रात ते मिळेलच असं धरू नकोस. देशभराचं मासिक तिकीट २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं. तुझ्या सेमेस्टर शुल्कात काय येतं ते आधी बघ, त्या तिकिटातच बऱ्याच ट्रिप होतील. रविवारी दुकानं बंद असतात, किराणा शनिवारी भरावा लागतो, म्हणजे शनिवारची सकाळ तशीही गेली. मित्रांना 'परवडत नाही' असं पहिल्याच महिन्यात सांगून टाक, नंतर जड जातं. मी २६ मधले १७ वीकेंड कुठंच गेलो नाही, आणि मला भाडं भरावं लागत नव्हतं.

त्याचं उत्तर आलं: "मग पहिले दोन महिने शून्य पकडतो. बाबांले दाखवला तुमचा मेसेज." काही वेळानं अजून एक: "ते वीजकेंद्र गाडीतून कोणत्या बाजूनं दिसते?"

बाजू मला आठवली नाही. तसंच कळवलं.

तुमच्यासाठी गृहपाठ

या आठवड्यात परदेशी शिकणाऱ्या कुणाचीही आवडती ट्रिप-पोस्ट किंवा व्हिडिओ घ्या आणि त्याखाली चार ओळी लिहा. एक, छेद किती: एकूण किती दिवसांतले हे किती दिवस? दोन, यंत्र कोणतं: बघणारा कोण, पैसे कुणाचे? तीन, चाळणी कोणती: 'वेगळं' म्हणून काय घेतलं, 'सारखं' म्हणून काय टाकलं? चार, फोटोत कोण नाही? ज्या ओळीचं उत्तर पोस्टमध्ये सापडत नाही तिथं 'दिलेलं नाही' एवढंच लिहा, अंदाज लिहू नका. हीच सवय उद्या पेपर वाचताना लागणार आहे.

माझ्या नऊ पोस्ट मी काढून टाकलेल्या नाहीत. प्रत्येकीखाली आता एकूण खर्च, शिष्यवृत्ती आणि '२६ पैकी ९' एवढं जोडलंय. चुकीचा पेपर गायब करायचा नसतो, दुरुस्ती जोडायची असते. पुढच्या वेळी सॅम्पल साइझ किती हवा, यावर बोलू.